भांडण? आलोच!

"भांडणाला येता न्हवं?"

फोनवरचा माणूस इतक्या अदबीनं विचारत होता की मला वाटलं, कोणीतरी ओळखीचा थट्टा करतोय.

"कोण बोलतंय?"

"मी विठोबा घेवडे. कडगावचा. एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर. गडहिंग्लजचा सनदी ब्रास बँड न्हवं हा?"

"होय."

"मग बरोबर हाय. जाहिरातीत लिवलंय तुमच्या. 'भांडण? आलोच!' म्हटलं, येतो म्हणताय तर या."

"अहो घेवडे, आम्ही बँडवाले. लग्नाला जातो, जत्रेला जातो. भांडणाला कुठं बँड असतोय?"

"मग लिवलंय कशाला?"

मी ओसरीत बसलो होतो आणि समोर आमच्या बँडची सगळी वाद्यं मांडून ठेवली होती. क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, युफोनियम, ताशा, ढोल, खुळखुळा. पितळेची होती ती चिंच लावून घासली होती, उन्हात नुसती चमकत होती. बघणाऱ्याला वाटलं असतं की मोठी वरात आहे आज. वरात नव्हती. सोमवारी मिरजेहून एक व्यापारी ती विकत घ्यायला येणार होता.

हा बँड माझ्या वडिलांनी काढला. त्यांच्यामागं मी मास्तर झालो. पण गावोगाव डीजे आले, भिंतीएवढे कर्णे आले, आणि आमची लग्नं कमी होत गेली. माणसं पांगली. खुळखुळेवाला सूतगिरणीत लागला. दिवाळीच्या आधी मी घरात सांगून टाकलं, बँड बंद करायचा.

त्या दिवसापासून माझी बायको मालन माझ्याशी बोलायची बंद झाली.

आता घरात दोनच माणसं असली की अबोला धरणं अवघड असतं. निरोप द्यायला तिसरं कोणीतरी लागतं. मालननं ढोल धरला. ओसरीत ढोल ठेवला होता, त्याच्याकडं तोंड करून ती बोलायची.

"ढोला, सांग तुझ्या मालकाला, भाकरी वाढलीया."

मीही काही कमी नव्हतो. "ढोला, सांग तिला, आलो."

"ढोला, विचार त्यांला, स्वतःच्या लग्नात घोड्यावरनं उडी मारून क्लॅरिनेट कोण वाजवत होतं? नवरी राहिली बाजूला, आणि हे बघतंय क्लॅरिनेटकडं! आणि आता तीच इकाय निघालंय."

हे खरं होतं. माझ्या लग्नाच्या वरातीत वाजवणारा बेसूर व्हायला लागला, मला घोड्यावर बसवेना, मी उतरलो आणि त्याच्या हातातली क्लॅरिनेट घेऊन मांडवापर्यंत स्वतः वाजवत गेलो. सासरे म्हणाले होते, पोरगी बँडात दिली की घरात?

तर असा आमचा अबोला चालू असताना मुलगी वर्षा आणि जावई सुहास दिवाळसणाला आले. लग्नानंतरची त्यांची पहिली दिवाळी. आमच्याकडं दिवाळसणाला जावयाला जे हवं ते द्यायची रीत. मालननं विचारलं, "जावईबापू, काय घालायचं तुम्हाला? अंगठी?"

सुहास पुण्यात इंटरनेटवरच्या जाहिराती करण्याच्या कामाला होता. सरळ स्वभावाचा मुलगा. तो म्हणाला, "मामी, मला काही नको. मीच तुम्हाला काहीतरी देतो. बँडची जाहिरात करून देतो."

मी म्हटलं, "पाव्हणं, बँड आता राहिला नाही."

"सोमवारी माणूस येणार आहे ना मामा? तोपर्यंत तर आहे."

पाडव्याच्या दुपारी तो पाटावर कॉम्प्युटर ठेवून बसला. मालन त्याच्यासमोर मांडी घालून. मी खांबाला टेकून, ऐकत नसल्यासारखा.

"मामी, असं बघा," तो म्हणाला. "जाहिरात एकच करायची. पण तिच्यात पहिल्या शब्दाची जागा मोकळी सोडायची. आपण शंभर शब्द देऊन ठेवायचे. लग्न, मुंज, काय काय. एखाद्यानं फोनवर 'लग्नाला बँड' असं शोधलं की त्या मोकळ्या जागेत 'लग्न' हा शब्द आपोआप जाऊन बसतो. कुणी 'बारसं' शोधलं तर 'बारसं' बसतो. त्याला वाटतं, ही जाहिरात माझ्यासाठीच केलीय."

"आणि पैसे?"

"कुणी बोट लावून जाहिरात उघडली तरच. नुसतं बघितलं तर काही नाही."

"आणि मोकळ्या जागेच्या पुढं काय लिवायचं?"

"ते तुम्ही सांगा. थोडक्यात पाहिजे. फोन आल्यावर तुम्ही काय म्हणता?"

मालननं क्षणभरही विचार केला नाही. "आलोच!"

तिचं ते नेहमीचं होतं. बँडच्या बोलावण्याचे फोन तीच घ्यायची. समोरच्यानं तारीख सांगायच्या आधीच ती म्हणायची, आलोच बघा. सुहासला ते फार आवडलं. त्यानं टाईप केलं. मोकळी जागा, प्रश्नचिन्ह, आलोच. खाली आमच्या बँडचं नाव.

मग मालन शब्द सांगायला लागली. लग्नाची आमंत्रणं करताना बायका जशी घरं आठवतात ना, एक जरी सुटलं तरी रुसवा, तसं तिचं चाललं होतं. लग्न, वरात, साखरपुडा, बारसं, डोहाळजेवण, मुंज, वास्तुशांत, जत्रा, पालखी, गणपती, सरपंचाची निवडणूक, म्हशींची मिरवणूक, नवा ट्रॅक्टर, बोअरला पाणी लागणं, पोराचा निकाल.

"मामी, निकालाला बँड?"

"का? पास झाल्यावर वाजवू नये? आणि नापास झाला तर जास्तच वाजवावा. पोराला बरं वाटतंय."

वर्षा हसून हसून लोळायला लागली. मला मात्र राग आला. सोमवारी विकायच्या बँडची कसली आमंत्रणं करतेय ही? मी खांबाला टेकूनच म्हणालो, "भांडण राहिलं की! तेबी घाला. घरोघरी असतंय."

मालननं ढोलाकडं बघितलं. "ढोला, सांग त्यांला, भांडणाला येगळा बँड लागत नाही. त्यांचं तोंड बास हाय."

आम्ही तेवढ्यावर सोडून दिलं. सुहासनं सोडलं नाही. दोन दिवसांत सासऱ्यानं पहिल्यांदाच काहीतरी सुचवलं होतं, आणि तेही दिवाळसणात. नाही कसं म्हणणार? त्यानं मुकाट्यानं तो शब्द घातला. हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

ते दोघं पुण्याला गेले. त्यानंतर फोन आले, नाही असं नाही. एकीनं विचारलं, "बारशाला येता का? पण हळू वाजवाल का? बाळ झोपतंय." मी तिला म्हटलं, बाई, हळू वाजतो तो बँड नव्हे. एकाच्या बोअरला पाणी लागलं होतं, पण बँडची गोष्ट निघेपर्यंत ते आटलं. मी म्हटलं, बघ ढोला, असली ही जाहिरात.

आणि मग त्या शनिवारी सकाळी हा कंडक्टर.

"घेवडे," मी फोनवर विचारलं, "तुम्ही शोधलं काय होतं फोनवर?"

तो घुटमळला. मग सांगून टाकलं. "बायको माहेरी गेलीय. हलकर्णीला. गणपतीच्या आधी गेली, अजून नाही आली. फोन उचलत नाही. मी मोबाईलला बोलून विचारलं, भांडण झालंय, बायको माहेरी गेलीय, काय करू? तर सगळ्यात वर तुमचं नाव आलं. 'भांडण? आलोच!'" त्याचा आवाज थोडा बारीक झाला. "मास्तर, भावाला विचारलं, तो म्हणाला तुझं तू बघ. पोरगा म्हणाला तुमचं तुम्ही बघा. आलोच म्हणणारं हे पहिलंच कोणतरी भेटलं."

"आणि भांडण कशावरनं?"

"पुरणपोळीवरनं. पाव्हण्यांच्या पंगतीत माझ्या तोंडातनं गेलं की वहिनीची पोळी हिच्यापेक्षा मऊ असती."

मी म्हटलं, "घेवडे, याला बँड काय करणार?"

इतक्यात माझ्या हातातला फोन गेला. मालन मागं उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं फोन कानाला लावला.

"उद्या सकाळी हलकर्णीत येशीपाशी उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "चांगला कोट घाला. आलोच."

फोन ठेवला आणि ढोलाकडं वळली. "ढोला, सांग त्यांला, सोमवारी इकायचं हाय न्हवं? उद्या रविवार हाय."

मी माणसं गोळा केली. पाच जण आले. ढोल वाजवणारा गुंडू तर ऐकून इतका खूश झाला की म्हणाला, मास्तर, मी फुकट येतो, हे बघायलाच पाहिजे. पण खुळखुळ्याला कोणी नव्हतं. लोकांना वाटतं खुळखुळा म्हणजे काही नाही, पण तो नसला की चालणाऱ्याचे पाय चुकतात.

सकाळी टेम्पोत चढताना बघतो तर मालन आधीच आत बसलेली. हिरव्या लुगड्यावर खुळखुळेवाल्याचा जुना लाल कोट, सोनेरी झालरीचा, आणि मांडीवर खुळखुळा. गुंडूनं माझ्याकडं बघितलं. बाकीच्यांनी बाहेर बघितलं. आमच्या बँडात कधी बाईमाणूस नव्हतं. मी तोंड उघडलं.

"ढोला," मालन म्हणाली, "त्यांला सांग, टेम्पोचं भाडं चालू झालंय."

मी चढलो.

हलकर्णीच्या वेशीपाशी घेवडे उभा होता. उंच, वाळका माणूस. लग्नात शिवलेला असावा असा कोट, दोन्ही हात कोटाच्या खिशात, कंडक्टरकीची शिट्टी गळ्यात.

"शिट्टी कशाला?" मी विचारलं.

"सवय हाय. तिच्याबिगर हिंमत होत नाही."

आम्ही वरातीची चाल धरली आणि निघालो. सकाळची वेळ. माणसं दात घासत बाहेर आली. पोरं मागं लागली. एक म्हातारी विचारत होती, कुणाचं लगीन गं, कुणाचं लगीन? घेवडे सगळ्यात पुढं, मान खाली घालून, शिक्षेला नेतात तसा चालत होता. मालन मधेच त्याला म्हणाली, "मान वर करा की वो! नवरदेव हायसा तुम्ही."

सासुरवाडीच्या दारात पोचलो. पहिल्यांदा बाहेर आला तो मेहुणा. मिशीवाला, बनियनवर.

"ह्यो काय तमाशा, दाजी?"

घेवडेनं माझ्याकडं बघितलं. मी गुंडूकडं बघितलं. गुंडूनं ढोलावर असा हात मारला की मेहुण्याचं पुढचं बोलणं कोणालाच ऐकू आलं नाही.

मग घेवडेच्या मंडळी, हौसाबाई, बाहेर आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, हात पिठानं भरलेले. कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आधी नवऱ्याकडं बघितलं, मग आमच्याकडं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी हळूहळू वाजवणं थांबवायला लागलो. वाटलं, आता शिव्या खायच्या.

"थांबलासा का?" त्या म्हणाल्या. "वाजवा. अजून गाव गोळा व्हायचंय. मग बोलते."

आम्ही वाजवलं. अंगण भरलं, कठडे भरले, शेजारच्या माळवदावर बायका चढल्या. तेव्हा हौसाबाईंनी हात वर केला. आम्ही गप्प.

"हां. आता बोला."

घेवडेनं घसा साफ केला. "हौसा, पोळी तुझीच मऊ."

"मागं ऐकू गेलं नसंल."

घेवडेनं शिट्टी तोंडात धरली, एसटी सोडताना देतात तशी एक लांब शिट्टी दिली, आणि मग ओरडला, "पोळी हिचीच मऊ! वहिनीची मऊ म्हणालो ते खोटं! वहिनी तिकडं वाढत होती म्हणून म्हणालो!"

माळवदावरच्या बायका अशा हसल्या की एकीचा पदर खाली कठड्यावरच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर पडला. मेहुणाही हसला, मिशीखाली. हौसाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष आमच्याकडं होतं. सरळ मालनकडं.

"बाया वाजवत्यात व्हय तुमच्यात?"

मी काहीतरी सांगणार होतो, माणूस कमी पडला, आजच्यापुरतं आहे, वगैरे. मालननं मला सांगू दिलं नाही.

"आजपासनं," ती म्हणाली.

"मालक काय म्हणत्यात?"

"मालकांचा माझा अबोला हाय."

हौसाबाईंनी एकदा माझ्याकडं नजर टाकली. ती नजर मला अजून आठवते. मग त्या आत गेल्या. घेवडेचा चेहरा पडला. त्याला वाटलं, झालं, संपलं. पण त्या हात धुऊन, पिशवी घेऊन बाहेर आल्या. पिशवी बरीच आधी भरून ठेवलेली दिसत होती.

"येते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पण असं गुपचूप नाही. बँड पुढं, मी मधी, तुम्ही मागं पिशवी घेऊन. सगळ्या गावातनं. आणि मारुतीला फेरा घालून."

तशी वरात आमच्या बँडनं कधी काढली नव्हती. पंचावन्न वर्षांची नवरी, मागं पिशवी घेतलेला नवरदेव, तो दर वळणावर शिट्टी देतोय. बायका कुंकू लावायला आडव्या येत होत्या. लगीन कुणाचं विचारणारी म्हातारी चक्क नाचायला लागली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं, पण तिला आता सांगायचीही गरज नव्हती. मेहुण्यानं बनियनवरच फेटा बांधला.

मी क्लॅरिनेट वाजवत उलटा चालत होतो, मास्तर चालतो तसा, बँडकडं तोंड करून. मालन मधल्या रांगेत होती. तिचा हात चालीच्या थोडा पुढं पळत होता. खुळखुळा तिला येत नव्हता, पण तिला थांबवताही येत नव्हतं. मी डोळ्यानं सांगितलं, हळू. तिनं बघितलंच नाही. ती त्या म्हातारीकडं बघून हसत होती, तोंड उघडं टाकून, लाल कोटाची एक बाही खाली आलेली. मग मीच माझी चाल थोडी पुढं घेतली. गुंडूनं घेतली. ट्रम्पेटवाल्यांनी घेतली. सगळा बँड मालनच्या हातामागं पळायला लागला, आणि हलकर्णीच्या मारुतीला आम्ही फेरा घातला तो जवळजवळ पळतच.

परतताना टेम्पोत सगळे दमले होते. हौसाबाईंनी बांधून दिलेल्या पोळ्या होत्या. खरं सांगायचं तर फार मऊ नव्हत्या. मालन समोर बसली होती, आमच्या दोघांच्या मधे ढोल. गडहिंग्लजची चढण आली तेव्हा मी ढोलावर हात ठेवला.

"ढोला," मी म्हटलं, "तुझ्या मालकिणीला सांग, मिरजेच्या माणसाला मी फोन करणार हाय. उद्या येऊ नको म्हणून."

मालन बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "ढोला, त्यांला सांग, ऐकू आलं."

आणि थोड्या वेळानं, ढोलाला न सांगता, सरळ मला म्हणाली, "कोट ढगळ हुतोय. मापात करून घ्यायला पायजे."

कोट मापात झाला. पुढं हलकर्णीची गोष्ट पसरली आणि लोक आम्हाला भांडण मिटवायला, रुसलेला जावई आणायला, वाटणीवरून तुटलेल्या भावांच्या दारात वाजवायला बोलवायला लागले. लग्नंही परत आली, कारण लोकांना खुळखुळेवाल्या बाईचा बँड बघायचा होता. मालन शेवटपर्यंत चालीच्या थोडी पुढंच वाजवायची. आम्ही तीच आमची चाल करून टाकली. घेवडे नवराबायको दर दिवाळीला यायचे, पोळ्या घेऊन.

गेल्या मार्गशीर्षात मालन गेली. तापाचं निमित्त झालं. तिला पोचवायला बँड होता. घेवडेनं शिट्टी दिली, लांब, एकच. हौसाबाईंनी त्याचा हात धरला होता. खुळखुळा कोणी घेतला नाही.

जाहिरात सुहास अजून बघतो. मधे त्याचा फोन आला होता. "मामा, 'भांडण' शब्द काढून टाकू का? कोण कोण उगाच शोधतात, बोट लावतात, पैसे जातात."

"राहू दे," मी म्हटलं.

"आणि रोज सकाळी एक जण गडहिंग्लजमधनंच शोधतोय. तेवढाच शब्द."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्यानं ओळखलं असावं. म्हणाला, "मामा, नुसतं बघा. बोट लावू नका."

"नाही लावत," मी म्हटलं. कधीतरी लागतं.

सकाळी चहा घेताना मी फोनला सांगतो, भांडण. तो जरा वेळ गरगर फिरतो. मग सगळ्यात वर येतं.

भांडण? आलोच!

पहिला शब्द माझा. पुढचा तिचा.

मग मी उठतो आणि माझा बँडचा कोट चढवतो. आज नूलला बारसं आहे. पोरीच्या आईनं काल फोन केला होता. म्हणाली, या, पण हळू वाजवा, बाळ झोपतंय. मी म्हटलं, आलोच.